नवानंतर अकराच: सॉफ्ट प्रोसेसरवरील पहिल्या चाचणी-प्रोग्रामचे प्रकरण

सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखानदारांना आपल्या शेडमधील सोळा यंत्रमागांच्या बाण्याचे फेरे एकाच ठिकाणी मोजून हवे होते. कोणत्या मागावर दिवसभरात किती काम झाले, हे कामगाराच्या वहीवरून नव्हे तर यंत्रावरूनच कळावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील दोन विद्यार्थिनींनी हे काम प्रकल्प म्हणून घेतले आणि होटगी रस्त्यावरील माझ्या छोट्या कार्यशाळेत त्या मार्गदर्शनासाठी येऊ लागल्या. खरे सांगायचे तर एवढ्या कामासाठी एक साधा मायक्रोकंट्रोलरही पुरला असता, आणि तसे मी कारखानदारांना पहिल्याच भेटीत सांगितले होते. परंतु प्रत्येक मागाच्या सेन्सरला स्वतःचा स्वतंत्र काउंटर हार्डवेअरमध्येच मिळावा, सोळाही काउंटर एकमेकांची वाट न पाहता चालावेत आणि प्रोसेसरने केवळ आकडे वाचून संगणकाकडे पाठवावेत, ही विद्यार्थिनींची मांडणी तर्कशुद्ध होती. शिवाय शिकण्याच्या दृष्टीने तिचे मोल अधिक होते. म्हणून एफपीजीए, म्हणजे जिच्या आतली मंडले आपणच लिहून ठरवायची अशी चिप, निश्चित झाला.

बोर्ड टँग नॅनो ९के हा घेतला. त्यावर गोविन कंपनीची जीडब्ल्यू१एनआर-९ ही चिप असते, तीत ८,६४० लुकअप टेबले (तर्कमंडलांचे छोटे ठोकळे) आणि १८ किलोबिटांचे २६ मेमरी-ब्लॉक असतात, बोर्डावरील क्रिस्टल २७ मेगाहर्ट्झचा असतो आणि संगणकाशी बोलण्यासाठीची सिरीयल जोडणी त्याच यूएसबी केबलमधून मिळते. प्रोसेसरही याच चिपमध्ये लिहून बसवायचा, म्हणजे सॉफ्ट प्रोसेसर, होता; त्यासाठी क्लेअर वुल्फ यांनी लिहिलेला पिकोआरव्ही३२ निवडला. तो व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहिण्याच्या भाषेतील एकाच फाइलमध्ये मावतो, रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचाच्या ३२-बिटी आज्ञा चालवतो आणि त्याची मेमरी-बस इतकी साधी आहे की कागदावर पाच मिनिटांत समजावून सांगता येते: प्रोसेसर पत्ता देतो आणि 'व्हॅलिड' उंचावतो, मेमरी माहिती देते आणि 'रेडी' उंचावते. प्रोसेसरच्या भोवती ८ किलोबाइटची मेमरी, माहिती पाठवणारा एक सिरीयल विभाग आणि दिव्यांचे एक रजिस्टर (आकडा धरून ठेवणारे घर) एवढेच विद्यार्थिनींनी स्वतः लिहिले होते. पुढे निघालेले बहुतेक दोष याच शे-दीडशे ओळींत होते आणि उसना घेतलेला प्रोसेसर शेवटपर्यंत निर्दोष ठरला, ही गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो.

चाचणीचा पहिला प्रोग्राम बारा-पंधरा ओळींचा होता. सुरुवातीला पडद्यावर 'सोलापूर' असे छापायचे आणि मग दर अर्ध्या सेकंदाला शून्यापासून वाढत जाणारा आकडा छापत राहायचे, एवढेच त्याचे काम होते. तो बोर्डावर चढवला आणि पडदा कोरा राहिला.

कोऱ्या पडद्याची अडचण अशी की त्यातून काहीच कळत नाही. क्लॉक, म्हणजे क्रिस्टलवरून मिळणारा ठोका, नसेल तरी पडदा कोरा, प्रोसेसर सुरू झाला नसेल तरी कोरा, सुरू होऊन अडकला असेल तरी कोरा आणि सगळे व्यवस्थित चालून केवळ सिरीयलची पिन चुकली असेल तरीही कोराच. पहिल्या संध्याकाळी दोघींनी जे केले ते मीही माझ्या उमेदवारीच्या काळात केलेले आहे: केबल बदलली, पोर्ट बदलले, प्रोग्राममधील चार ओळी बदलल्या, पिनांची फाइल बदलली, आणि हे सारे एकाच वेळी. रात्री नऊच्या सुमारास कोणता बदल ठेवायचा आणि कोणता मागे घ्यायचा, हेच कोणाला आठवेना. दुसऱ्या दिवशी मी मूळ फाइली पुन्हा मागवल्या आणि एकच अट घातली की यापुढे कोणताही बदल करण्यापूर्वी त्याने काय दिसायला हवे, हे वहीत लिहायचे.

सुरुवात प्रोसेसरला बाजूला ठेवून केली. २४ बिटांचा एक साधा काउंटर क्लॉकला जोडला आणि त्याचा सर्वांत वरचा बिट एका दिव्याला दिला; २७ मेगाहर्ट्झवर तो दिवा सेकंदाला साधारण १.६ वेळा लुकलुकायला हवा होता आणि तसाच लुकलुकला. म्हणजे क्लॉक जिवंत होता, पिनांची फाइल निदान क्लॉक आणि दिव्यांपुरती बरोबर होती आणि बोर्डावर फाइल खरोखर चढत होती. एवढ्या एका दिव्याने आदल्या संध्याकाळचे निम्मे संशय निकाली काढले.

त्यानंतर प्रोसेसरलाच बोलते करायचे होते. पिकोआरव्ही३२ ला 'ट्रॅप' नावाचे एक आउटपुट आहे. ओळख न पटणारी आज्ञा समोर आली किंवा शब्दाचा पत्ता चारच्या पटीत नसला, की प्रोसेसर ते उंचावतो आणि तिथेच थांबतो. अनेकजण हे आउटपुट जोडतच नाहीत, आणि माझ्या मते नवख्या माणसाची ती सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. बोर्डावर सहा दिवे आहेत. त्यांपैकी एक ट्रॅपला दिला आणि उरलेल्या पाच दिव्यांवर शेवटी मागवलेल्या आज्ञेचा शब्दक्रमांक, म्हणजे पत्त्याला चारने भागून येणारी संख्या, धरून ठेवली. या बोर्डावरील दिवे शून्य दिल्यावर पेटतात, म्हणून सगळे सिग्नल उलटे करून जोडावे लागले. हे विसरल्यास पेटलेला ट्रॅपचा दिवा 'सर्व ठीक' असा अर्थ सांगतो आणि पाहणारा नेमका उलट समजतो.

जोडणी झाली आणि सहाही दिवे विझलेले राहिले. ट्रॅप नाही, आणि शून्याखेरीज दुसरा पत्ताही नाही. सरळ अर्थ असा की प्रोसेसर अडकलेला नसून तो निघालेलाच नाही. "सर, रीसेट देऊन बघू का?" असे म्हणत एकीने बोर्डावरील बटण दाबून धरले आणि त्याच क्षणी दोन दिवे पेटले, बोट काढताच विझले. प्रोसेसर चालत होता तो केवळ बटण दाबलेले असताना. बोर्डावरचे बटण दाबल्यावर शून्य देते आणि सोडल्यावर एक. प्रोसेसरच्या रीसेट सिग्नलच्या नावाअखेरीस 'एन' हे अक्षर आहे, त्याचा अर्थ हा सिग्नलही शून्य असताना रीसेट करतो. दोन्ही एकाच दिशेचे असल्याने सरळ तार पुरेशी होती, परंतु बटण दाबल्यावर एक मिळतो असे गृहीत धरून मध्ये एक उलटवणारे चिन्ह घातले गेले होते. ते एक चिन्ह काढले आणि दोन्ही दिवे कायमचे पेटून राहिले.

यांतील एक दिवा ट्रॅपचा होता, आणि पाच दिव्यांवरचा आकडा होता २, म्हणजे पत्ता ८. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. पिकोआरव्ही३२ हातातील आज्ञेवर काम सुरू करतानाच पुढची आज्ञा मेमरीकडून मागवून ठेवतो, त्यामुळे ज्या आज्ञेवर तो अडखळला ती दिव्यांवर दिसणाऱ्या पत्त्याच्या एक घर मागे असू शकते. दोषी पत्ता ८ नव्हे तर ४ असावा, असा अंदाज वहीत लिहिला आणि तो पडताळण्यासाठी तीच रचना संगणकावर इकारस व्हेरिलॉग या सिम्युलेटरमध्ये चालवून बसवरील प्रत्येक व्यवहार छापून घेतला. पहिल्या दोन ओळींतच उत्तर होते: पत्ता ० वर मेमरीने ००००००३७ दिले होते आणि पत्ता ४ वर ००००००२१.

प्रोग्रामची पहिली आज्ञा स्टॅकचा, म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या जागेचा, पत्ता ८१९२, म्हणजे ८ किलोबाइट मेमरीचे वरचे टोक, दुसऱ्या क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये भरण्याची होती. तिचा षोडशमान (सोळाच्या पायाचा) संकेत आहे ००००२१३७. रिस्क-व्हीत बाइट खालून वर मांडले जातात, म्हणून फाइलमध्ये ही आज्ञा ३७, २१, ००, ०० अशा चार बाइटांत दिसते. प्रोग्रामचे रूपांतर करणाऱ्या ऑब्जकॉपी या साधनाने व्हेरिलॉगसाठीची फाइल बाइटवार लिहिली होती, आणि विद्यार्थिनींची मेमरी मात्र ३२-बिटी शब्दांची होती. व्हेरिलॉगमधील फाइल वाचणाऱ्या सुविधेला यात काहीच वावगे वाटत नाही. ती जागेने विलग केलेला प्रत्येक आकडा एकेका घरात निमूट ठेवत जाते. परिणामी एका शब्दाचे चार बाइट चार शब्दांत विखुरले गेले. त्यातला पहिला, ००००००३७, योगायोगाने एक वैध पण निरुपयोगी आज्ञा ठरतो, कारण तो कायम शून्यच राहणाऱ्या रजिस्टरमध्ये शून्य भरतो. दुसरा, ००००००२१, मात्र ३२-बिटी आज्ञाच नव्हे. रिस्क-व्हीचा नियम असा की ३२-बिटी आज्ञेचे सर्वांत खालचे दोन बिट नेहमी ११ असतात. २१ मध्ये ते ०१ आहेत. प्रोसेसरने ट्रॅप उंचावला तो रास्तच होता.

उपाय म्हणून आधी साधी बायनरी फाइल काढून पायथनच्या दहा ओळींनी चार-चार बाइटांचा एकेक शब्द लिहिला. सगळे पुन्हा बांधले, बोर्डावर चढवले, आणि दिवे पुन्हा तेच: ट्रॅप पेटलेला, आकडा २.

या संपूर्ण प्रकरणातील सर्वाधिक वेळ इथे गेला आणि त्याचे कारण तांत्रिक नव्हते. लक्षण तेच, जागा तीच, म्हणून कारणही तेच असणार असे दोघींनी मनाशी ठरवले. नवी फाइल बोर्डावर चढतच नसावी, जुनीच कुठेतरी साठवलेली वापरली जात असावी, या समजुतीने त्यांनी बांधणीचे सर्व फोल्डर पुसले, सॉफ्टवेअर नव्याने बसवले आणि एक पूर्ण दिवस घालवला. मी त्या दिवशी गड्ड्याच्या यात्रेत बसवायच्या एका पाळण्याचे नियंत्रण दुरुस्त करण्यासाठी होम मैदानावर होतो, त्यामुळे त्यांना अडवायला कोणी नव्हते. संध्याकाळी परतल्यावर मी सिम्युलेटरचा नवा छापा मागितला, तर तो काढलेलाच नव्हता. काढला तेव्हा पत्ता ० वर ००००२१३७ नीट उभे होते, म्हणजे पहिली दुरुस्ती अगदी बरोबर झालेली होती. पत्ता ४ वर मात्र ए००१२०११ होते.

हा शब्द उलटा वाचला तर गोष्ट उलगडते. प्रोग्रामच्या आज्ञा बनवणाऱ्या कंपाइलरच्या यादीत, जी ऑब्जडम्प या साधनाने काढता येते, पत्ता ४ वर २०११ आणि पत्ता ६ वर ए००१ अशा दोन सुट्या, १६-बिटी आज्ञा होत्या. पहिली मुख्य फंक्शनकडे जाणारी उडी आणि दुसरी तिथून कधी परत आलोच तर जागच्या जागी फिरत राहण्याची. रिस्क-व्हीच्या 'सी' या विस्तारात नेहमी लागणाऱ्या आज्ञांची अशी आखूड रूपे असतात आणि त्यामुळे प्रोग्रामचा आकार घटतो. कंपाइलरला लक्ष्य म्हणून 'आरव्ही३२आयएमएसी' दिलेले असल्याने त्याने ती वापरली. पिकोआरव्ही३२ मध्ये ही आखूड रूपे समजण्याची सोय आहे, परंतु ती पॅरामीटर देऊन चालू करावी लागते आणि मुळात बंद असते. खालचे दोन बिट पुन्हा ०१, ट्रॅप पुन्हा पत्ता ४ वर. दोन पूर्णपणे वेगळ्या चुका एकाच नियमावर, एकाच पत्त्याशी येऊन आपटल्या होत्या.

पॅरामीटर चालू करण्याऐवजी कंपाइलरलाच 'आरव्ही३२आय' हे लक्ष्य दिले, कारण प्रोसेसर जितका लहान तितके सोळा काउंटरांना अधिक घर मिळणार होते. या बदलासोबत एक पथ्य पाळावे लागते. 'आय' या मूळ संचात गुणाकार-भागाकाराच्या आज्ञा नसल्याने, आकड्याचे अंक सुटे करताना दहाने भागण्यासाठी कंपाइलर आपल्या लायब्ररीतील फंक्शन जोडतो, आणि ती लायब्ररीही त्याच संचासाठी बांधलेली असावी लागते. जोडणीचे काम प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरकडून थेट न करता कंपाइलरच्या, म्हणजे जीसीसीच्या, आज्ञेतूनच तेच पर्याय देऊन केले, की योग्य लायब्ररी तो स्वतः निवडतो. तसे केल्यावर ट्रॅपचा दिवा विझला, पाच दिवे मंद थरथरू लागले आणि टर्मिनलवर पहिल्यांदा काहीतरी उमटले. ते वाचता येण्याजोगे नव्हते, पण कोऱ्या पडद्यापेक्षा ते खूपच बोलके होते.

न वाचता येणाऱ्या अक्षरांचा पहिला संशय नेहमी वेगावर जातो आणि इथे तो खरा ठरला. सिरीयलचा भाजक, म्हणजे एका बिटासाठी मोजायचे क्लॉक, १०४ होता. तो १२ मेगाहर्ट्झच्या एका दुसऱ्या बोर्डाच्या नमुन्यातून जसाच्या तसा आला होता. आमच्या २७ मेगाहर्ट्झवर त्यामुळे वेग सेकंदाला १,१५,२०० बिटांऐवजी सुमारे २,५९,६०० होत होता. खात्रीसाठी प्रोग्राममधून केवळ इंग्रजी 'यू' हे अक्षर पाठवले, कारण त्याचे बिट एकाआड एक असतात आणि तारेवरचे सिग्नल दाखवणाऱ्या लॉजिक अॅनालायझरवर एका बिटाची रुंदी सरळ मोजता येते. ती ८.६८ मायक्रोसेकंद हवी होती, निघाली ३.८५. भाजक २३४ केला; त्याने वेगात जेमतेम ०.१६ टक्के फरक राहतो आणि तो सहज खपतो.

'यू' नीट येऊ लागला, पण 'सोलापूर' काही येईना. प्रश्नचिन्हाचा एक काळा चौकोन येई आणि पुढे सारे रिकामे. आधीच्या अनुभवामुळे दोघींचा हात पुन्हा भाजकाकडे वळला होता, तेवढ्यात मी टर्मिनल षोडशमान दृश्यावर न्यायला सांगितले. तिथे दर वेळी एकच बाइट दिसत होता, दशमान २२४. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइटांचे असते आणि त्यातला पहिला बाइट नेहमी २२४ असतो. 'सोलापूर' या शब्दात अशी सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट आहेत. वेग बरोबर होता. एकवीसांपैकी फक्त पहिला बाइट पोचत होता. इंग्रजी अक्षरांचा शब्द असता तर पहिले अक्षर स्वच्छ दिसून दोष लगेच कळला असता, असे कोणी म्हणेल. मला मात्र आपल्या लिपीचा हा हट्ट उपयोगी वाटला, कारण त्याने आम्हाला अक्षरे सोडून बाइट पाहायला लावले.

कारण हिशेबाने सापडते. एक बाइट तारेवरून जाण्यासाठी सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे २,३४० क्लॉक. पिकोआरव्ही३२ ला एका आज्ञेला सरासरी चार क्लॉक लागतात, त्यामुळे पुढचा बाइट वाचून तो सिरीयलच्या रजिस्टरमध्ये टाकण्याचा फेरा शंभर क्लॉकांच्या आतच संपतो. पहिला बाइट तारेवर असतानाच उरलेले वीस बाइट दारावर येऊन गेले होते, आणि सिरीयल विभाग कामात असताना आलेला बाइट तो सरळ टाकून देत होता. एक उपाय असा की काम पूर्ण होईपर्यंत सिरीयलने 'रेडी' द्यायचेच नाही. मग प्रोसेसर आपोआप थांबतो. परंतु सोळा मागांचे आकडे वाचायचे असताना प्रोसेसर एका तारेपायी गोठून राहावा, हे मला पटले नाही. म्हणून 'काम चालू आहे' असे सांगणारा एक बिट वेगळ्या पत्त्यावर ठेवला आणि प्रोग्रामने तो पाहूनच पुढचा बाइट टाकावा असे ठरवले. पडद्यावर 'सोलापूर' उमटले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दोघींनी डबे उघडले ते त्यानंतर.

जेवण होईपर्यंत आकडे मोजले जात होते. ०, १, २ करीत ९ पर्यंत सारे सुरळीत आणि मग ११. पुन्हा ११. दहा वेळा ११, त्यानंतर दहा वेळा २२, मग ३३. कारखानदार त्या दिवशी सहज डोकावले होते. पडद्याकडे पाहून ते म्हणाले, "ताई, ह्या हिशेबानं माझ्या कामगारांना पगार दिला तर ते खूश होतील की नाही सांगता येत नाही." त्यांचा विनोद बाजूला ठेवला तरी त्यांचे निरीक्षण नेमके होते: चूक यादृच्छिक नव्हती, तिला शिस्त होती.

दोघींनी मांडलेला पहिला तर्क असा की लक्ष्य बदलल्याने आलेली भागाकाराची लायब्ररी चुकत असावी आणि बाकीऐवजी भागाकारच दोनदा मिळत असावा. तर्क वाईट नव्हता, कारण १० ते १९ पर्यंत दशकाचा अंक १ च असतो. मात्र तो तपासण्याचा सोपा मार्ग होता. भागाकारातून येणारा प्रत्येक अंक कोणत्याही बफरमध्ये (मेमरीतील तात्पुरत्या घरांत) न ठेवता, मिळाल्या क्षणी थेट सिरीयलवर टाकला. १२ साठी आधी २ आला, मग १. अंक उलट्या क्रमाने आले खरे, पण दोन्ही बरोबर होते. म्हणजे गणित निर्दोष होते. बिघाड होता तो अंक मेमरीत ठेवून परत वाचण्यात.

आकडा छापण्याच्या फंक्शनमध्ये एककापासून सुरू करून एकेक अंक बाइटांच्या बफरमध्ये भरला जाई आणि मग तो उलट्या क्रमाने छापला जाई. मी त्यांना १२३४५ हा आकडा छापायला सांगितला आणि काय दिसेल ते आधी लिहायला सांगितले. एकीने १११११ लिहिले, दुसरीने १२३४५. पडद्यावर आले १२२२२.

या एका उत्तरात सगळे आले. बफरमधील पहिल्या चार घरांत एकक, दहम, शतक आणि हजार यांचे अंक जातात, म्हणजे ५, ४, ३ आणि शेवटी २. पाचव्या घरात दशहजाराचा १. पहिल्या चारही घरांत शेवटी भरलेला २ दिसतो आणि पाचवे घर मात्र स्वतंत्र आहे. चार घरे म्हणजे एक ३२-बिटी शब्द. कुठल्याही एका बाइटात लिहिले की त्याच शब्दातील चारही बाइटांत तेच लिहिले जात होते.

आता मेमरीचा कोड उघडला. प्रोसेसर लिहिताना चार बिटांचा 'राइट स्ट्रोब' देतो. शब्दातील कोणते बाइट बदलायचे, हे त्या चार बिटांवरून कळते. विद्यार्थिनींनी चारपैकी कोणताही बिट एक असेल तर संपूर्ण शब्द लिहावा असे लिहिले होते. त्यातून आणखी एक गोष्ट खटकू शकते की मग उरलेल्या तीन बाइटांत कचरा न जाता तोच अंक कसा गेला. त्याचे कारण पिकोआरव्ही३२ च्या रचनेत आहे: एक बाइट लिहायचा असताना तो बाइट ३२-बिटी माहितीमार्गाच्या चारही भागांवर सारखाच ठेवला जातो आणि निवड पूर्णपणे स्ट्रोबवर सोडली जाते. म्हणूनच दोषाला ती सुंदर शिस्त आली होती. तोवरच्या प्रोग्रामात मेमरीत जे काही लिहिले गेले ते स्टॅकवरचे परतीचे पत्ते आणि वाढता आकडा, म्हणजे पूर्ण शब्द. 'सोलापूर' चे बाइट फक्त वाचले जात होते आणि वाचताना प्रोसेसर हवा तो बाइट स्वतःच निवडतो. एका सुट्या बाइटाशेजारी दुसरा लिहिण्याची पहिली वेळ दहा या आकड्याने आली. एका अंकाच्या आकड्यांतही तो लिहिला जात होताच, परंतु तिथे बिघडायला शेजारी कोणी नव्हते.

दुरुस्तीसाठी मेमरीचे ३२-बिटी एक कपाट मोडून ८-बिटी चार कपाटे केली आणि प्रत्येकाला स्ट्रोबचा आपापला बिट दिला. प्रत्येक कपाट २,०४८ बाइटांचे, म्हणजे चिपमधील एका मेमरी-ब्लॉकमध्ये नेमके बसणारे. २६ पैकी चार ब्लॉक खर्च झाले. यासाठी प्रोग्रामची फाइलही चार भागांत वाटावी लागली, पत्त्यानुसार दर चौथा बाइट एका फाइलीत. ज्या बाइटवार फाइलीने सुरुवातीला घोळ घातला होता, तीच आता खेळातली पाने वाटल्यासारखी चौघांत वाटायला सोयीची ठरली, आणि पायथनच्या दहा ओळींच्या सहा झाल्या.

१२३४५ बरोबर छापला गेला, पण मी तेवढ्यावर सोडले नाही. शेजारच्या चार पत्त्यांवर १, २, ३, ४ असे चार बाइट वेगवेगळे लिहायचे आणि त्यांचा एक शब्द म्हणून वाचायचे, अशी छोटी तपासणी 'सोलापूर' छापण्याच्याही आधी कायमची बसवली. उत्तर ०४०३०२०१ यायला हवे. न आल्यास प्रोग्राम पुढे न जाता ट्रॅपशिवायचे पाच दिवे पेटवून थांबतो. अर्ध्या शब्दांसाठीही अशीच एक ओळ घातली. सिम्युलेटरमध्ये ही तपासणी पहिल्या दिवशी चालवली असती तर हा दोष जेवणाच्या डब्यापर्यंत पोचलाच नसता. भाजकाची चूक मात्र सिम्युलेटरला कधीच दिसली नसती, कारण त्याच्या जगात क्रिस्टल तोच असतो जो आपण लिहून देतो.

शेवटी एक किरकोळ वाटणारी बाब उरली. रीसेटचे बटण दाबल्यावर 'सोलापूर' पुन्हा छापले जाई, पण आकडा शून्यापासून सुरू न होता जिथे होता तिथून पुढे जाई. नेहमीच्या संगणकावर प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी त्याची स्थिर चले शून्य केली जातात; इथे ते काम करणारी सुरुवातीची ओळच आम्ही लिहिली नव्हती. पहिल्यांदा चिप भरली जाते तेव्हा मेमरीत शून्येच असतात, म्हणून ही उणीव लपून राहिली. रीसेटने केवळ प्रोसेसर मागे जातो, मेमरी जशीच्या तशी राहते. मी ती ओळ घालायला सांगितली आणि ती घातलीही गेली. परंतु कारखानदारांना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी उलटाच आग्रह धरला: पाळी संपण्यापूर्वी कोणी बटण दाबले तरी मागाचे फेरे पुसले जाता कामा नयेत. म्हणून सोळा आकड्यांसाठी मेमरीचा एक वेगळा भाग लिंकरच्या फाइलीत राखून ठेवला, जो सुरुवातीची ओळ शून्य करीत नाही, आणि त्याच्या शेजारी एक खुणेचा शब्द ठेवला, जो जुळला तरच तो भाग विश्वसनीय मानला जातो. वीज गेल्यावर मात्र तो भागही जातोच, आणि शेडमधली वीज कितीदा जाते हे कारखानदारांनी बोटांवर मोजून दाखवले. त्यासाठी बाहेरून एक कायमस्वरूपी मेमरीची चिप जोडण्याचे काम विद्यार्थिनींनी पुढच्या आठवड्यासाठी वहीत लिहून घेतले आहे.